नेमबाजी प्रश्नोत्तरे : घडीच्या बॅकसाइटमधली दोन भोकं

या महिन्याच्या टपालातली निम्मी पत्रं एकाच भागाबद्दल आहेत : रायफलच्या मागच्या टोकाला असलेली, हवी तेव्हा उभी आणि नको तेव्हा आडवी करता येणारी भोकाची बॅकसाइट (नेम धरायचं मागचं साधन; पुढच्या टोकाजवळचं ते फोरसाइट), म्हणजेच फ्लिप-अप ॲपर्चर. काही पत्रं इथली आहेत, काही अमेरिका आणि कॅनडातल्या वाचकांची. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ओहायोत राहणाऱ्या मावसभावाच्या एआर-15 रायफलला एल आकाराच्या पातीची बॅकसाइट आहे. पाती बोटाने उलटवली की दुसरं भोक समोर येतं. एक भोक मोठं आहे, एक बारीक. जुन्या एम16ए1 च्या फोटोंत मात्र दोन्ही भोकं सारखीच दिसतात. मोठं जवळच्या लक्ष्यासाठी आणि बारीक लांबच्यासाठी, एवढंच समजायचं का? (वाचक, पुणे)

उत्तर : नाही. याच समजुतीमुळे सगळ्यात जास्त गोळ्या वाया जातात. पाती उलटवल्यावर दोन गोष्टी बदलू शकतात, भोकाची उंची आणि भोकाचा व्यास. उंची बदलली तर गोळी लागण्याची जागा बदलते. नुसता व्यास बदलला तर किती उजेडात आणि किती झटपट नेम धरता येतो, एवढंच बदलतं. कोणत्या साइटमध्ये यातलं काय बदलतं, हे भोकाकडे नुसतं बघून कळत नाही.

एम16ए1 मध्ये दोन्ही भोकांचा व्यास सारखाच, पण उंची वेगळी. खूण नसलेलं भोक 300 मीटरपर्यंत वापरायचं, ‘एल’ अक्षर कोरलेलं त्यापुढे. बॅकसाइट जितकी उंच तितकी नळी वर उचलली जाते आणि गोळी लांब जाते, म्हणून ‘एल’चं भोक जरा उंचावर आहे. अमेरिकी लष्कराची पद्धत अशी होती : ‘एल’ लावून 25 मीटरवर झिरोइंग करायचं, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवायची. मग त्याच भोकातून गोळी पुन्हा 375 मीटरवर नेमाच्या रेषेला मिळते, आणि पाती उलटवून साधं भोक घेतलं की 250 मीटरवर. पद्धत सुंदर आहे, पण 25 मीटरला चुकून साधं भोक लावलं तर पुढचा सगळा हिशोब कोसळतो.

एम16ए2 मध्ये दोन्ही गोष्टी बदलल्या. मोठं भोक सुमारे 5 मिलिमीटरचं, 200 मीटरच्या आतल्या लक्ष्यासाठी आणि कमी उजेडासाठी. बारीक भोक सुमारे पावणेदोन मिलिमीटरचं, 300 पासून पुढे. इथे व्यासही बदलतो आणि उंचीही.

हल्ली रेलवर (रायफलवरच्या खाचांच्या पट्टीवर) बसवायच्या घडीच्या साइट मिळतात. त्यांतल्या बऱ्याच साइटमध्ये दोन्ही भोकांचा मध्य एकाच उंचीवर ठेवलेला असतो. पाती उलटवली तरी गोळी तिथेच लागते, फरक फक्त उजेडाचा. ओहायोतली साइट या प्रकारची आहे की एम16ए2 च्या वळणाची, हे मोजूनच ठरवावं लागेल. पाती उभी करा, व्हर्नियरने साइटच्या बुडापासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या आणि दुसऱ्या भोकाचंही तसंच घ्या. दोन्हींत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला आणि दोन साइटमधलं अंतर 420 मिलिमीटर असलं, तर 100 मीटरवर गोळी जवळजवळ 12 सेंटिमीटर सरकेल. मोजून झाल्यावर कागदावर पाच-पाच गोळ्यांचे दोन ग्रुप (छिद्रांचे पुंजके) टाकून खात्री करा. मोजमाप काय सांगायचं ते सांगेल, शेवटचा शब्द कागदाचा.

एल आकाराची पाती एआर घराण्याच्याही आधीची आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एम1 कार्बाइनवर 150 आणि 300 यार्डांची दोन भोकं होती. ब्रिटिश ली-एनफिल्ड नंबर 4 च्या सोप्या, मार्क 2 बॅकसाइटवर 300 आणि 600 यार्डांची. या दोन्हींत मुद्दा अंतराचाच होता.

प्रश्न : भोकातून बघताना भोकाची कड धूसर दिसते. ती स्पष्ट दिसावी म्हणून डोळे ताणले की फोरसाइट धूसर होते. नेमकं कशाकडे बघायचं? फोरसाइटची टीप (उभी खुंटी) भोकाच्या बरोबर मध्ये आहे की नाही, हे कसं तपासत राहायचं? (वाचक, सातारा)

उत्तर : तपासत राहायचं नाही. भोक धूसरच दिसायला हवं. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्वच्छ दिसते. नजर फोरसाइटच्या टिपेवर ठेवा. टीप कडक, काळी, धारदार दिसली पाहिजे. लक्ष्य थोडं पुसट आणि भोक त्याहून पुसट. गोल भोकात टीप मध्यावर आणण्याचं काम डोळा आपसूक करतो, कारण धूसर वर्तुळात मध्यभागी सगळ्यात जास्त उजेड असतो आणि टीप तिकडेच ओढली जाते. तुम्ही मुद्दाम भोकाच्या कडेकडे नजर नेलीत की हे बिघडतं आणि टिपेवरची पकड सुटते.

बारीक भोकाने आणखी एक गोष्ट साधते. भर उन्हात बुबुळातली बाहुली साधारण 2 ते 4 मिलिमीटर असते, अंधारात 6-7 पर्यंत मोठी होते. भोक बाहुलीपेक्षा लहान असलं की डोळ्यात शिरणारा प्रकाश तेच ठरवतं. मग जवळची टीप आणि दूरचं लक्ष्य यांच्या स्पष्टतेतला फरक कमी होतो, आणि डोळा किंचित बाजूला सरकला तरी नेमात चूक फारशी शिरत नाही. मोठ्या भोकात हा फायदा कमी होतो, म्हणून संध्याकाळी मोठं भोक घेतलंत तर गालाची जागा अधिक काटेकोर हवी.

भोक डोळ्यापासून फार लांब असलं तर हे काहीच साधत नाही. म्हणूनच नंबर 4 च्या आधीच्या एसएमएलई या ली-एनफिल्ड रायफलला नळीवर, डोळ्यापासून लांब, उघडी खाच होती, आणि नंबर 4 मध्ये भोक थेट मागे, डोळ्याजवळ आलं. दोन साइटमधलं अंतर सुमारे 19 इंचांवरून जवळजवळ 29 इंचांपर्यंत वाढलं. बॅकसाइटच्या जागी 1 मिलिमीटरची चूक झाली तर पहिल्या रायफलची गोळी 100 मीटरवर सुमारे 20 सेंटिमीटर भरकटेल, दुसरीची 14 च्या आत. एम16 चालवणाऱ्यांना नाकाचं टोक चार्जिंग हँडलला (बोल्ट मागे ओढायच्या मुठीला) टेकवायला शिकवतात, त्यामागचं कारणही हेच : डोळा दर वेळी भोकापासून त्याच अंतरावर राहावा.

प्रश्न : ह्यूस्टनमध्ये 16 इंची नळीची एआर घेतली आहे, 5.56 काडतुसाची. पुढची आणि मागची, दोन्ही साइट घडीच्या. फोरसाइट हँडगार्डच्या (नळीभोवतीच्या आवरणाच्या) टोकाला आहे. मागच्या साइटची दोन्ही भोकं एकाच उंचीवर आहेत, हे मोजून पाहिलं. 25 मीटरवर ग्रुप 3 सेंटिमीटर डावीकडे आणि 4 सेंटिमीटर खाली आहे. किती क्लिक (साइटच्या स्क्रूचे टप्पे) फिरवू? मला 50 मीटरला झिरो करायचं आहे. (वाचक, टेक्सास)

उत्तर : आधी मॅगझिन काढा, बोल्ट मागे अडकवा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने बघा आणि बोटानेही चाचपा. साइटवर काम करताना दर वेळी.

आता हिशोब. भोकाच्या मध्यापासून टिपेपर्यंतचं अंतर, म्हणजे साइट रेडियस, टेपने मोजा. तुमच्यासारख्या मांडणीत ते 420 मिलिमीटरच्या आसपास येतं, तेच धरू. सूत्र एकच आहे : साइट किती हलवायची = गोळी किती सरकवायची × रेडियस ÷ लक्ष्याचं अंतर. सगळे आकडे मिलिमीटरमध्ये घ्या.

आडवी दुरुस्ती : 30 × 420 ÷ 25000, म्हणजे 0.5 मिलिमीटर. बॅकसाइट ज्या दिशेला न्याल त्या दिशेला गोळी जाते, म्हणून भोक उजवीकडे न्यायचं. एम16ए2 च्या बॅकसाइटची एक क्लिक सुमारे 0.06 मिलिमीटरची, म्हणजे तिथे 8 क्लिक लागल्या असत्या. तुमच्या साइटच्या माहितीपत्रकात दिलेली क्लिकची किंमत बहुतेक वेळा 20 इंची रायफलच्या लांब रेडियससाठी असते. आखूड रेडियसवर तीच क्लिक कागदावर जास्त सरकते. 8 क्लिकने सुरुवात करा, तीन गोळ्या मारा आणि उरलेला फरक पुन्हा याच सूत्रात घाला.

उभ्या दुरुस्तीत बहुतेकजण फसतात. तुम्हाला झिरो 50 मीटरला हवं आहे आणि कागद आहे 25 वर. एआरवर नेमाची रेषा नळीच्या मध्यापेक्षा सुमारे 66 मिलिमीटर वर असते. गोळी खालून वर येत 50 मीटरला त्या रेषेला भेटते, म्हणजे 25 मीटरला ती अजून खालीच असणार, साधारण 3 सेंटिमीटर. तुमची गोळी 4 सेंटिमीटर खाली आहे, म्हणजे खरी चूक 1 सेंटिमीटरचीच. पूर्ण 4 सेंटिमीटर वर चढवलंत तर 50 मीटरला गोळी 6 सेंटिमीटर वर लागेल आणि मग बिघडलेलं काय ते कळणार नाही.

1 सेंटिमीटर वर आणायला : 10 × 420 ÷ 25000, म्हणजे 0.17 मिलिमीटर. फोरसाइटचा नियम उलटा आहे, टीप खाली नेली की गोळी वर. एआरच्या टिपेचा आटा इंचाला 36 फेऱ्यांचा, म्हणजे एका पूर्ण फेरीत 0.7 मिलिमीटर. चार खाचांच्या टिपेची एक क्लिक 0.176 मिलिमीटरची होते, तेव्हा एकच क्लिक पुरे. जुन्या पाच खाचांच्या टिपेत 0.14 ची, तिथेही एकच. दट्ट्या दाबून टीप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवली की ती खाली जाते. बुडावर बाण असेल तर तो गोळीची दिशा सांगतो, टिपेची नाही, हे लक्षात ठेवा.

इतकं करून कागद 50 मीटरवर न्या आणि पाच गोळ्यांच्या ग्रुपच्या मध्यावरून शेवटची दुरुस्ती करा. एकट्यादुकट्या गोळीवरून क्लिक फिरवू नका. 50 मीटरला बसलेली 5.56 ची गोळी पुढे साधारण 200 मीटरच्या आसपास पुन्हा नेमाच्या रेषेवर येते. तुमच्या काडतुसाचा आणि नळीचा नेमका आकडा 200 मीटरच्या रेंजवर बघून लिहून ठेवा.

प्रश्न : घडी घातली, पुन्हा उभी केली, की ग्रुप सरकतो. साइटच खराब आहे का? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : असेलही, पण आधी चाचणी घ्या. एकाच कागदावर, एकाच बैठकीत, टेकू घेऊन पहिल्या पाच गोळ्या साइटला हात न लावता मारा. पुढच्या पाच दुसऱ्या ठिपक्यावर, पण प्रत्येक गोळीनंतर बॅकसाइट आडवी करून पुन्हा उभी करा. दोन्ही ग्रुप सारखेच मोठे आले तर बिजागरी निर्दोष आहे आणि चूक दुसरीकडे आहे. फोरसाइटसाठी हीच चाचणी वेगळी घ्या, दोन्ही एकत्र नको.

दुसरा ग्रुप आडवा पसरला तर पाती बाजूला हलते आहे. पाती पुढे-मागे किंचित डुलत असली तर फार बिघडत नाही, कारण त्यात भोकाची उंची नगण्य बदलते : 30 मिलिमीटर उंचीची पाती एक अंश झुकली तर भोक जेमतेम 0.005 मिलिमीटर खाली येतं. बाजूची हालचाल मात्र महाग पडते. भोक 0.1 मिलिमीटर सरकलं तरी 420 च्या रेडियसवर, 100 मीटरला, सुमारे 2.4 सेंटिमीटरचा फरक. भोकाशी बोट टेकवून पाती डावी-उजवीकडे हलवून बघा. हालचाल बोटाला जाणवली तर बिजागरीची पिन झिजली आहे किंवा सैल आहे. अशा साइटवर क्लिक मोजण्यात अर्थ नाही, पिन किंवा साइट बदला.

ग्रुप उभा पसरला तर पाती पूर्ण उभी राहत नाही, असं समजा. बुडाशी काजळी, वाळू किंवा घट्ट झालेलं तेल बसलं की पाती शेवटच्या टप्प्याआधीच थांबते आणि लॉक अर्धवट लागतं. ब्रश आणि सॉल्व्हंटने खाच साफ करा, मग तेलाचा एकच थेंब, तोही पुसून. जास्तीचं तेल काजळी धरतं आणि भोकावर पापुद्रा चढवतं. तो पापुद्रा उन्हात चमकतो आणि टिपेची धार खातो.

दोन्ही साइट निर्दोष ठरल्या तर रेलकडे बघा. साइट पुढे ढकलून, आडवा बोल्ट रेलच्या खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच स्क्रू आवळा. मधे फट राहिली तर धक्क्यांनी साइट सरकत राहते. स्क्रूवर निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव्य) लावा, पण क्लिकच्या स्क्रूवर नाही. पॉलिमरची साइट जास्त आवळलीत तर बूड चिमटतं आणि पाती अडकते. फोरसाइट हँडगार्डवर असेल तर हँडगार्ड स्वतः पक्का आहे का, ते हाताने पिळून बघा. तो सैल असला तर मागच्या साइटवर कितीही मेहनत घ्या, ती वाया जाईल. आणि पॉलिमरची फोरसाइट गॅस ब्लॉकवर (नळीतला वायू मागे वळवणाऱ्या ठोकळ्यावर) बसवू नका. तिथली उष्णता तिला वाकवते, शिवाय बऱ्याच गॅस ब्लॉकचा रेल रिसीव्हरच्या रेलपेक्षा खाली असतो आणि तिथे जास्त उंचीची साइट लागते.

प्रश्न : माझ्याकडे .303 ली-एनफिल्ड नंबर 4 आहे, एल पातीची साइट. 300 च्या भोकातून 100 यार्डांवर गोळी एक वीतभर वर लागते. बॅकसाइट खाली घेण्याची सोय दिसत नाही. (वाचक, ओंटारिओ)

उत्तर : रायफल बरोबर काम करते आहे. 300 यार्डांना मिळणारी .303 मार्क 7 ची गोळी 100 यार्डांवर नेमापेक्षा साधारण 15 ते 17 सेंटिमीटर वरच असते. या साइटमध्ये उंची आणि दिशा, दोन्ही कारखान्यात किंवा आर्मररच्या (लष्करी शस्त्र-कारागिराच्या) बाकावर फोरसाइटने ठरायची. फोरसाइटची पाती वेगवेगळ्या उंचीची मिळते, एकेक पायरी 0.015 इंचांची. एक पायरी उंच पाती बसवली की 100 यार्डांवर गोळी सुमारे 1.9 इंच, म्हणजे 4.8 सेंटिमीटर, खाली येते. तीन पायऱ्यांनी तुमचं काम बहुतेक होईल, पण मग 300 आणि 600 हे आकडे खोटे ठरतील.

आमच्या मते फोरसाइटच्या पातीला हात न लावता मार्क 1 ची शिडीची बॅकसाइट मिळवा. ती 200 पासून 1300 यार्डांपर्यंत स्क्रूने चढते आणि त्याच पिनवर बसते. 200 वर लावली तर 100 यार्डांवर गोळी सात-आठ सेंटिमीटरच वर लागेल, तेवढं नेम खाली धरून भागतं. दिशेसाठी फोरसाइट तिच्या खाचेत आडवी सरकवावी लागते. त्यासाठी साइट क्रॅम्प (स्क्रूने साइट ढकलणारं साधन) वापरा. हातोडी आणि पितळी सळईने ठोकून सरकवलेली फोरसाइट हवी तिथे थांबत नाही, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या संरक्षक कानांचा रंग उडतो तो वेगळाच.

प्रश्न : वय 54, चष्मा प्रोग्रेसिव्ह. टीप कधी स्पष्ट, कधी धूसर दिसते. (वाचक, नागपूर)

उत्तर : झोपून किंवा टेकून नेम धरताना मान पुढे झुकते आणि तुम्ही काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून बघता. प्रोग्रेसिव्ह काचेत तो भाग दूरच्या नजरेचा असतो, आणि डोकं जरा हललं की नंबर बदलतो. नेमबाजीसाठी एकाच नंबरची वेगळी काच करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा की स्पष्ट दिसायला हवी ती वस्तू 70 सेंटिमीटर ते 1 मीटरवर आहे. सहसा दूरच्या नंबरात +0.50 ते +0.75 मिळवलं की टीप स्वच्छ होते आणि लक्ष्यही ओळखण्यापुरतं राहतं. काचेचा मध्य नेम धरलेल्या नजरेसमोर यायला हवा, तेव्हा मोजमाप देताना मान तशीच झुकवून दाखवा. दिवसा बारीक भोकच वापरा, या वयात त्याची मदत तरुणपणापेक्षा जास्त होते.

प्रश्न : मुलगी 10 मीटर एअर रायफल शिकते. तिच्या रायफलचं डायॉप्टर आणि ही घडीची साइट एकच का? (पालक, कोल्हापूर)

उत्तर : तत्त्व एकच. स्वप्निल कुसळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, त्या प्रकारातही बॅकसाइट भोकाचीच असते. फरक असा की स्पर्धेच्या डायॉप्टरला पाती नसते, भोक कमी-जास्त करण्यासाठी आयरिस असतो, आणि पुढे टिपेऐवजी वर्तुळ. आयरिस साधारण 1 ते 1.2 मिलिमीटरवर ठेवून सुरुवात करू द्या. हॉलमधला उजेड बदलला की तो बदलावा, पण ग्रुप बिघडला म्हणून नाही. मुलीला एकच सांगा : लक्ष्याचं काळं गोल धूसर झालं तरी चालेल, पुढचं वर्तुळ नाही.

प्रश्न : रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम धरायची साइट) लावल्यावर घडीच्या साइट ठेवाव्यात का? ठिपका टिपेवर बसवायचा का? (वाचक, पुणे)

उत्तर : ठेवाव्यात. पण ठिपका टिपेवर ‘बसवून’ झिरो करू नका. दोन्हींचं झिरोइंग वेगवेगळं, गोळ्या मारून करा, तेही एकाच अंतराला. दोन्ही नीट झाले आणि डोळा मध्यावर असला की ठिपका टिपेजवळ आपोआप दिसतो. किंचित बाजूला दिसला तर क्लिकला हात लावायच्या आधी कागदावर ग्रुप बघा.